आईचा आवाज आणि वीतभर माइक

डॉक्टर म्हणाले, ‘थायरॉइडचं ऑपरेशन आहे, काळजीचं काही नाही. आवाजात थोडा फरक पडू शकतो, बहुतेकदा तात्पुरता.’ आई यातलं ‘काळजीचं काही नाही’ एवढंच ऐकून उठली. मी मात्र ‘आवाज’ या शब्दाशीच अडकले. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला आवाज तो! शेवटच्या बाकावरच्या पोरांना (आणि घरी मला) सरळ करणारा. ऑपरेशनला अठरा दिवस होते. म्हटलं, तिचे शाळेतले किस्से शूट करून ठेवू या.

पहिल्या रविवारी ट्रायपॉडवर कॅमेरा लावला. समोर सहा फुटांवर आई, कडक इस्त्रीच्या साडीत. दीड तास मस्त बोलली. रात्री हेडफोन लावून ऐकलं तर पंखा, फ्रिज, शेजारचा कुकर, खालचा भंगारवाला, सगळे हजर! आई तेवढी विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी.

मग सुरू झाली माइकची शोधाशोध. ऑफिसातून घरी, घरी आलं की रिव्ह्यू. कॉलर माइक लावून पाहिला, पण पदराची सळसळ आणि मंगळसूत्राची किणकिण आईपेक्षा जास्त बोलायला लागली. म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारी शॉटगनच हवी. सेनहायझरचा २०२१ सालचा एमकेई ४०० की रोडचा व्हिडिओमाइक एनटीजी? शेवटी सिरियल्सना साउंड करणाऱ्या मित्राला फोन लावला. ‘कुठला घेऊ रे?’

त्याने उलटं विचारलं, ‘लावणार कुठे?’

‘कुठे म्हणजे? कॅमेऱ्यावर!’

साहेब हसले. मग लेमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात भेटून त्याने माझी शिकवणीच घेतली. शॉटगन म्हणजे दुर्बीण नव्हे, ती लांबचं जवळ आणत नाही. तिच्या नळीला बाजूने फटी असतात. समोरचा आवाज नळीतून थेट आत पोचतो, बाजूचा वेगवेगळ्या फटींतून शिरतो, मागेपुढे पोचतो आणि त्याच्या लाटा एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. पण हे जमतं ते तीव्र, उंच आवाजांच्या बाबतीत. बसची घरघर, पंख्याची गुरगुर यांच्या लाटा इतक्या लांब असतात की वीतभर नळी त्यांचं काहीच बिघडवू शकत नाही. त्यासाठी लो-कट बटण बघायचं, साधारण ७५-८० हर्ट्झच्या खालचं छाटणारं. आणि आमच्या वन बीएचकेच्या उघड्या भिंती? तिथून आपटून आलेला आवाज समोरूनही येतो, त्याला शॉटगन कशी अडवणार?

‘मग उपाय?’

‘जवळ जा,’ तो म्हणाला. अंतर निम्मं केलं की बोलणाऱ्याचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. सहा फुटांवरून दीड फुटावर आलं की झाले १२ डेसिबल. खिशातून एक पैसा जास्त न काढता!

मी दोन्ही बड्या माइकना टाटा केलं. बॅटरी न लागणारा, कॅमेऱ्याच्याच वीजेवर चालणारा छोटा शॉटगन घेतला. उरलेल्या पैशांत तीन मीटरची एक्स्टेन्शन केबल आणि एक स्टँड. (केबल घेताना पिनवरचे काळे पट्टे मोजा बरं का! कॅमेऱ्याला दोन पट्ट्यांची लागते, हेडफोन जॅकवाल्या फोनला तीन. मी आधी चुकीची घेऊन आले होते.) सोबत वाऱ्यासाठी केसाळ टोपी मिळाली, तिला डेड कॅट म्हणतात. ‘मेलेली मांजर? माझ्या घरात?’ इति आई.

दुसऱ्या रविवारी टेबलावर गोधडी, मागच्या भिंतीवर दुसरी. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायचा विसरू नये म्हणून स्कूटीची चावी आत ठेवली, ही मित्राचीच टीप. माइक आईच्या डोक्याच्या जरा वर, फ्रेमच्या काठाबाहेर, तोंडाकडे झुकवून. कॅमेऱ्याचं ऑटो लेव्हल बंद केलं, नाहीतर आई श्वास घ्यायला थांबली की कॅमेरा खोलीचीच सरसर वर ओढतो. घामाने दोघी निथळत होतो. पण हेडफोनमध्ये ती अगदी कानाशी बोलत होती. वाक्याच्या शेवटी तिचा आवाज किंचित खाली उतरतो, हे मला अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

ऑपरेशनला आता तीन आठवडे झाले. आवाज घोगरा आहे, संध्याकाळी दमतो. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. परवा तिने स्वतःहून ते रेकॉर्डिंग मागितलं. डोळे मिटून ऐकत बसली.

‘अगं, किती भरभर बोलते मी! पोरं लिहून कशी घेत असतील?’

थोड्या वेळाने हेडफोन काढून म्हणाली, ‘तो माइक आण. इन्स्पेक्शनचा किस्सा राहिलाय.’

‘आत्ता? या आवाजात?’

‘मग कुणाच्या?’

मी उठले आणि स्कूटीची चावी फ्रिजमध्ये ठेवली.