एका कार्बनचा फरक

परवा नातीची दहावीच्या विज्ञानाची उजळणी चालली होती. मी बी.ए., तेही मराठीची. त्यामुळे माझे काम फक्त पुस्तक हातात धरून "हं, पुढे?" म्हणण्याचे. ती सांगत होती, "आजी, इथेनॉलमध्ये अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेट टाकून गरम केलं की त्याचा जांभळा रंग जातो."

"जातो कुठे?" माझा बाईंचा प्रश्न.

मग तिने मला शिकवले. अल्कोहोलच्या रेणूला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी चिकटलेली असते, तो त्याचा क्रियात्मक गट. त्याचे ऑक्सिडीकरण झाले की आधी अल्डिहाइड होते आणि आणखी झाले की आम्ल. इथेनॉलचे होते ते व्हिनेगरमधले आम्ल. आणि परमँगनेटचे? त्याचे क्षपण होते, म्हणून जांभळा रंग जाऊन तपकिरी साका राहतो. एकाने इलेक्ट्रॉन दिल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाहीत, म्हणून या दोन्ही क्रिया जोडीनेच होतात. ताडी आंबताना यीस्ट शेवटच्या पायरीला अल्डिहाइडचे क्षपण करून अल्कोहोल बनवते आणि तीच ताडी हवेत उघडी राहिली की जिवाणू तिचे ऑक्सिडीकरण करून ती आंबट करतात. मला गंमत वाटली. जायची वाट आणि यायची वाट एकच!

पुढे तिने वाचले, "मिथेनॉल थोडं जरी पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते." आणि माझी गंमत तिथेच थांबली.

१९८३ साल असावे. मी तेव्हा एका लहान गावात शिकवत होते. नववीतला एक मुलगा सकाळी दारात येऊन म्हणाला, "बाई, सुट्टी पाहिजे. बाबांना धुरकट दिसतंय." त्याचे वडील पितात हे सगळ्या गावाला ठाऊक होते. मी म्हणाले, "दुपारपर्यंत उतरेल त्यांची. बस जागेवर." वर्गात दोघेतिघे हसले. मुलगा बसला.

वडिलांची दृष्टी गेली ती कायमचीच. हातभट्टीच्या दारूत कुणीतरी स्पिरिट मिसळले होते, असे नंतर कळले. मुलाने शाळा सोडली आणि मजुरीला लागला. मी मनाची समजूत घातली की दारूचे फळ असेच असते.

नात झोपल्यावर मी मुलाला (तो औषधनिर्माणशास्त्र शिकलेला) नीट विचारले. तो म्हणाला, मिथेनॉल आणि इथेनॉल यांत एका कार्बनचा फरक. चवीवरून किंवा वासावरून पिणाऱ्याला तो कळत नाही. यकृतातले तेच विकर दोघांचे ऑक्सिडीकरण करते. इथेनॉलचे शेवटी व्हिनेगरचे आम्ल होते, ते शरीर पचवते. मिथेनॉलचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. हे मुंगीच्या दंशातले आम्ल. ते साचते आणि डोळ्यांच्या नसेवर घाला घालते. पण हे सगळे हळूहळू होते, कित्येकदा बारा ते चोवीस तास जातात. सकाळचे धुरकट दिसणे म्हणजे दारू उतरण्याची वाट बघण्याची वेळ नव्हे. ती दवाखान्यात पळण्याची वेळ.

आणि उपचार काय? फोमेपिझोल नावाचे औषध, ते नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली चक्क इथेनॉल! विकर इथेनॉलला आधी पकडते, मिथेनॉल तसेच पडून राहते आणि डायलिसिस करून बाहेर काढता येते. १९८३ मध्ये आमच्या गावापासून तालुक्याचे रुग्णालय फार लांब नव्हते. डोळे वाचलेच असते असे मी म्हणत नाही. पण आम्ही एक अख्खा दिवस घालवला आणि त्यातले पहिले काही तास माझ्या वर्गात गेले.

२०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. तेव्हाही मी पेपर बाजूला ठेवत "पितात कशाला?" असेच म्हणाले होते. विकर असला प्रश्न विचारत नाही. मी विचारत बसले.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला असेल. कुठे आहे, ठाऊक नाही. तुमच्या ओळखीत, कामावर, वस्तीत कुणी प्यायल्यानंतर "धुरकट दिसतंय" म्हणाले, तर मंडळी, उपदेश नंतर करा. आधी रिक्षा बोलवा.