वाईची शेवटची गाडी

घरात डिमेन्शियाचं माणूस असलं, की येणारे-जाणारे दबक्या आवाजात बोलतात. आमच्याकडे पाचगणीत कुणी असं कुजबुजू लागलं, की आईच काळजीने विचारते, "कोण गेलं?" मग सगळे हसतात. तीही हसते, मनापासून.

आई माहेरची वाईची. उभी हयात तिने इथल्या एका निवासी शाळेत मेट्रन म्हणून काढली. इंग्रजांनी हवापालटासाठी वसवलेलं हे गाव पुढे शाळांचं झालं, तसं दुसऱ्यांची लेकरं वाढवणाऱ्या अशा बायकांचंही झालं. त्यांची नावं मात्र कुठल्या पाटीवर नाहीत. माझं नाव तिला आता आठवत नाही. पण जेवायला बसलो की ती पानं मोजते आणि बजावते, "दोघं कमी आहेत. न्हाणीघरात बघा."

तिन्हीसांजेला तिची घालमेल सुरू होते. या आजारात बऱ्याच जणांची होते. पिशवी भरून ती व्हरांड्यात येते. "वाईची शेवटची गाडी गेली का? आई वाट बघत असेल." आजी जाऊन किती वर्षं झाली, हे तिला सांगायचं म्हणजे रोज संध्याकाळी तिला नव्याने पोरकं करायचं. मी म्हणते, "पसरणी घाटात धुकं आहे, गाडी उशिरा येईल." पावसाळ्यात ते खरंही असतं. मग व्हरांड्याचा स्टँड होतो. शेजारच्या काकू आपली पिशवी घेऊन येतात, माझा मुलगा कंडक्टर होतो. एकदा तो म्हणाला, "आजी, पंच्याहत्तरीच्या पुढे एसटी फुकट." २०२२ पासून ती सवलत आहेच. आई तडकली. "फुकट का म्हणून? पगार घेते मी!" मग त्याला नखशिखांत न्याहाळून म्हणाली, "आणि शाळा बुडवून कंडक्टरकी कसली करतोस?" काकूंना हसू आवरेना. मला मात्र माझी करारी आई पुन्हा भेटली.

मेंदूत नव्या आठवणी साठवणारा भाग अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात लवकर झिजतो, म्हणून सकाळचा चहा पुसला जातो आणि माहेर टिकतं. पण प्रसंग विसरला तरी त्याचा आनंद किंवा दुःख मागे राहतं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना चित्रपटातले तुकडे दाखवून हे नोंदवलं. मला त्याचा केवढा आधार वाटतो! गाडीचा खेळ आई दहा मिनिटांत विसरते, पण झोपेपर्यंत तिचा चेहरा निवळलेला असतो.

सगळ्याच संध्याकाळी अशा नसतात. रात्री कडीला कुलूप घालावं लागतं, ओल्या चादरी बदलाव्या लागतात, कधी ती मला चोर समजून हाकलते. तेव्हा हसू येत नाही आणि येऊही नये. भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगतात, असा २०२३ मधला अंदाज आहे. बहुतेकांचं सगळं घरीच होतं, आणि ते बहुतांशी बायकाच करतात.

तुमच्या शेजारी असं घर असेल, तर काकूंसारखी एखादी पिशवी घेऊन संध्याकाळी तासभर जाऊन बसा. तेवढ्यात त्या घरातल्या बाईची पाठ जमिनीला टेकते.