वाळूच्या माऱ्याखालचा इतिहास : प्राचीन नाणी चकचकीत का करू नयेत? (थ्रेड)

१/८
पुलाच्या लोखंडावरचा गंज, जहाजाच्या तळाचा जुना रंग, ओतीव भागांवरची पापडी हे सारे खरवडण्यासाठी कारखान्यांत दाबाखालच्या हवेने वाळूचा मारा करतात. बेंजामिन टिल्घमन या अमेरिकी संशोधकाने १८७० मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. पोलादासाठी घडलेल्या त्याच यंत्राच्या तोंडाशी काही हौशी संग्राहक आता प्राचीन नाणी धरू लागले आहेत.

२/८
यातला धोका समजायला कठीणपणाची मोजपट्टी पुरेशी आहे. मोहस श्रेणीत क्वार्ट्झ वाळू ७ वर आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड ९ वर आहे. तांबे व चांदी ३ च्या आसपास, तर शिसे अवघे १.५. सातवाहनांची कितीतरी नाणी शिशाची आहेत. नखानेही ओरखडा उठेल अशा धातूवर हा मारा क्षणभर झाला, तरी अक्षरे उरत नाहीत.

३/८
तांब्याचे नाणे शतकानुशतके जमिनीत राहिले की त्यावर लालसर क्युप्राइट आणि हिरवे मॅलाकाइट यांचे थर चढतात. या थरांचा कठीणपणा ३.५ ते ४, म्हणजे आतल्या तांब्याहून अधिक. जो कण हा थर फोडतो, तो खालच्या मऊ धातूला सोडणार कसा?

४/८
शिवाय अनेकदा नाण्याची मूळ रेषा धातूत उरलेलीच नसते. ती या थरातच जपलेली असते. ज्याला आपण मळ म्हणतो, तोच नाण्याचा चेहरा असतो. तिसऱ्या शतकातील रोमन ‘अँटोनिनियानस’ नाण्यांवर चांदीचा अतिशय पातळ मुलामा असे. माऱ्यात तो उडतो, आणि ढासळत्या अर्थव्यवस्थेने हिणकस धातूवर चढवलेल्या मुखवट्याचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

५/८
आता महाराष्ट्रातले उदाहरण. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. सारी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती : एका बाजूस त्रिकूट टेकडी, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह.

६/८
नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा शिलालेख तिच्या पुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे सांगतो. पण तो विजेत्याच्या घरचा शब्द आहे. त्याला दुजोरा देतात ती ही नाणी. नव्या ठशाखालून डोकावणारे नहपानाच्या मुखाचे अंश, ग्रीक, ब्राह्मी वा खरोष्ठी अक्षरांचा एखादा तुकडा : हा सत्तांतराचा साक्षीदार जेमतेम दोन ग्रॅम वजनाच्या चांदीवर उभा आहे. वाळूच्या माऱ्यात सर्वांत आधी पुसट होतील त्या याच खालच्या रेषा.

७/८
‘अक्रोडाच्या कवचाचा भुगा वापरला तर?’ असा प्रश्न हमखास येतो. माध्यम मऊ असले, तरी नेम आणि दाब यांवर ताबा हवाच. काचेचे मणी तर पृष्ठभाग चेपून त्याला एकसारखी, निर्जीव झळाळी आणतात. धातू झिजला की वजन घटते, आणि मूळ वजनमान ठरवण्याचा आधार डळमळतो. खळग्यांत दडलेले क्लोराइड मात्र तसेच राहते आणि ओलावा मिळताच उघड्या पडलेल्या तांब्याला पुन्हा पोखरू लागते.

८/८
संवर्धन प्रयोगशाळांतही सूक्ष्म भुकटीचा मारा वापरतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक नळीतून, कमी दाबाने आणि कणाकणाने. तिथे यंत्राहून थांबायचे कुठे याची जाण मोलाची असते. हौशी माणसाने नाण्याचे छायाचित्र घ्यावे, वजन नोंदवावे, ते कोरड्या जागी ठेवावे आणि साफसफाई जाणकारावर सोपवावी. काळवंडलेले नाणे शंभर वर्षांनीही वाचता येईल. घासून गुळगुळीत केलेले नाणे मात्र कोणत्याही अभ्यासकाला पुन्हा बोलते करता येणार नाही.