चेंडू वरच्याने आणायचे

नंदुरबारात टेनिस खेळणारी माणसं कधीच फार नव्हती. जी होती ती एकाच मुरमाच्या कोर्टावर पहाटे जमायची आणि आपापल्या ठरलेल्या चौकडीतच खेळायची. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला, नवी कार्यालयं आली, बदलून आलेले काही साहेब रॅकेट घेऊनच आले. चौकड्या वाढल्या, पण एकमेकींत मिसळेनात. तेव्हा नानांनी भिंतीवर एक लाकडी फळा ठोकला, त्यावर खिळे मारले आणि पेंटरकडून नावं रंगवून घेतलेल्या पत्र्याच्या पट्ट्या एकीखाली एक अडकवल्या. नाना निवृत्त लिपिक. ही शिडी त्यांनी शेवटपर्यंत चालवली.

आपल्यावरच्या दोन जागांपर्यंत कुणालाही आव्हान द्यायचं, पंधरा दिवसांत सामना. खालचा जिंकला तर पट्ट्यांची अदलाबदल. वरच्याने टाळाटाळ केली तर त्याची जागा गेली. कोर्ट एकच, म्हणून सामना एका सेटचा; सहा-सहा झाले की टायब्रेकर. नवा माणूस कुठल्याही खुर्चीवरून आलेला असो, त्याची पट्टी तळाच्या खिळ्यावर. कुणाची बदली झाली तरी खालच्यांना फुकटात वर सरकू देत नसत. रिकाम्या खिळ्यासाठी खालच्या दोघांनी खेळायचं. शिडी म्हटली की असे नियम थोड्याफार फरकाने सगळीकडे असतात. नानांचा स्वतःचा म्हणावा असा एकच: चेंडू वरच्याने आणायचे.

टेनिसचे चेंडू डब्यात दाबाखाली बंद असतात. डबा उघडला की दाब उतरू लागतो आणि थोड्याच दिवसांत चेंडू उसळेनासा होतो. मुरमावर लव झिजते ती वेगळीच. आमच्याकडे ते मिळत नसत. रेल्वेने सुरतेला कुणी निघालं की त्याच्याजवळ पैसे द्यायचे. आव्हान देणाऱ्याने डबा आणायचा असता, तर माझी पट्टी त्या फळ्यावर लागलीच नसती. वडील मिरचीच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. मी कुंपणाबाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचो. एका सकाळी नानांनी विचारलं, "खेयस का?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तळाच्या खिळ्यावर माझं नाव होतं आणि हातात नानांची जुनी लाकडी रॅकेट.

माझ्या वरच्या खिळ्यावरच्या डॉक्टरांनी पहिल्या सामन्यात मला एकही गेम घेऊ दिला नाही. नानांना ते पटलं. मुद्दाम हलक्या हाताने खेळणं त्यांना समोरच्याचा अपमान वाटे. पुढे त्याच डॉक्टरांनी माझा बॅकहँड घडवला, खांदा आधी वळवायला शिकवलं. डिसेंबर-जानेवारीत शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असे. वारा फिरला की सर्व्हिससाठी मान वर करताच ठसका लागायचा. ठसक्यामुळे गेलेला पॉइंट पुन्हा खेळायचा, हे फळ्यावर लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळत.

1974 साली नाना भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातला डेव्हिस कपचा उपांत्य सामना पाहायला पुण्याला गेले होते. विजय आणि आनंद अमृतराज यांचा तो संघ जिंकून अंतिम फेरीत पोचला. पुढे गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती. वर्णद्वेषाच्या निषेधार्थ भारताने खेळायला नकार दिला आणि कप सोडून दिला. "न खेळता सोडलेली तेवढी एकच जागा मला मान्य आहे," नाना म्हणत.

एक अधिकारी माझं आव्हान पुढे ढकलत राहिले. मुदत संपली त्या सकाळी नाना उठले, आमच्या दोघांच्या पट्ट्या बदलल्या आणि पुन्हा रोलर ओढायला गेले. साहेबांनी लगेच मला आव्हान दिलं. आता वरचा मी होतो आणि डबा मला आणायचा होता. या मुलापुरता नियम बाजूला ठेवा, असं साहेब स्वतःच म्हणाले. नानांनी ते मानलं नाही. त्यांनी खिशातून पैसे काढून मला दिले आणि वहीत माझ्या नावावर उधार मांडले. मी तो सेट हरलो. पैसे थोडेथोडे करून फेडले. दर वेळी नानांनी तारीख घालून जमा लिहून घेतलं, शेवटचा रुपया आला तेव्हा खात्यावर आडवी रेघ मारली आणि वही माझ्यापुढे धरून ती रेघ मला दाखवली. पोराला उपकार घेतल्यासारखं वाटू नये, म्हणून एक माणूस इतका हिशेब ठेवत होता. मला हे उमगायला वय व्हावं लागलं, आणि तोवर ते त्यांना सांगायला नाना राहिले नव्हते.

फळा आता माझ्याकडे आहे. मुलींच्या पट्ट्याही त्याच खिळ्यांवर असतात आणि सध्या सर्वांत वर एक मुलगीच आहे. डबे घरपोच येतात, पण ते वरच्यानेच आणायचे. ज्याला परवडत नाही त्याला मी पैसे देतो आणि नानांच्याच वहीत उधार मांडतो. माफ करत नाही.