पोरीला बसवायचं कुठे?

बारा-तेरा वर्षांची पोर. एका सरकारी इमारतीच्या व्हरांड्यात बाकड्यावर मावशीला चिकटून बसलेली. समोरच्या बाकड्यावर ज्याच्यावर तक्रार, त्याचे नातेवाईक. मी बातमीसाठी गेलेलो. मावशी शिपायाला हळूच म्हणाली, "पोरीक हंयसर बसवू नकात हो, सगळे बगतत." तो बिचारा काय करणार? दुसरी खोलीच नव्हती.

पोक्सो कायदा २०१२चा. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्या, पोलीस गणवेशात नकोत, साक्षीच्या वेळी आरोपी समोर नको, हे सगळं त्यात लिहिलंय. सुप्रीम कोर्टाने ११ जानेवारी २०२२ला, तेही आपल्याच महाराष्ट्रातल्या प्रकरणात, अशा साक्षीदारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी केंद्रं करायला सांगितली. देखरेखीसाठी न्या. गीता मित्तल यांची समिती नेमली.

पण ते झालं साक्षीपुरतं. तारीख ओरोसला, पोर राहते मालवणात. बाकीच्या संध्याकाळी तिने जायचं कुठे?

'पीडित मुलांसाठी केंद्र' असा बोर्ड बाजारपेठेत लावलात तर एकही पोर पायरी चढणार नाही. आपलं गाव केवढं! सकाळी आत गेलेल्याची बातमी दुपारच्या लिलावापर्यंत जेटीवर पोचते. म्हणून मला वाटतं, वेगळी इमारत नकोच. वाचनालयाची मागची खोली घ्या. दार परसातून, म्हणजे रस्त्यावरून दिसायला नको. तिथे कॅरम असू दे, चित्रकलेचा क्लास असू दे, आणि आठवड्यातून दोनदा समुपदेशक. कोण कशासाठी आलंय ते कोणाला कळता नये. मारहाणीच्या घरातला मुलगाही तिथेच अभ्यासाला बसेल. टेबलामागे साहेब आणि पुढे पोर, अशी मांडणी तेवढी नको.

हे शहाणपण मला उशिरा आलं. या धंद्यात नवा असताना अशाच एका बातमीत मी मुलीचं नाव टाळलं, पण वाडीचं नाव छापलं. वाडीत घरं असतात किती? दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं. आज कलम २३ प्रमाणे तो गुन्हा आहे. ते कात्रण मी अजून फाडलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात नगरपरिषदेत खोलीसाठी अर्ज देतोय. सही करणाऱ्यांनी फोन करा. कुणाला मागच्या दाराची रिकामी जागा माहीत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. कमेंटमध्ये पत्ता टाकू नका.