पर्यायी मंडल

आमच्या खात्यातील केबल जोडणाऱ्या एका वयस्क कारागिरास जी ‘कारणे दाखवा’ नोटीस बजावण्यात आली, तिची आठवण झाली म्हणजे निवृत्तीनंतर इतका काळ लोटूनही माझे पित्त खवळते.

एकाच काचतंतूतून निरनिराळ्या तरंगलांबीचे प्रकाशकिरण धाडावयाचे आणि पैलटोकास ते विलग करावयाचे, ही विद्या आता सर्वश्रुत आहे. १५५० नॅनोमीटरच्या आसपास काचेत प्रकाशाचा ऱ्हास सर्वांत कमी. १९८७ च्या सुमारास सिद्ध झालेला एर्बियमयुक्त तंतूचा प्रवर्धक त्या पट्ट्यातील सर्व किरणांस एकदमच बळ देतो. म्हणून जेमतेम ०.८ नॅनोमीटरचे अंतर राखून चाळीस मंडले, म्हणजे चाळीस स्वतंत्र संदेशमार्ग, एका तंतूत सुखाने नांदतात.

एका मोठ्या ग्राहकास आम्ही मुख्य व पर्यायी अशी दोन मंडले दिली होती. नकाशावर एक तांबड्या शाईने, दुसरे निळ्या शाईने रेखाटलेले, तरंगलांब्याही भिन्न, परंतु जमिनीखाली दोन्ही एकाच तंतूत! रस्तारुंदीच्या कामावरील यंत्राने केबल तोडली, तेव्हा दोन्ही एकाच क्षणी बंद पडली. भर पावसात, ताडपत्रीखाली बसून, नऊ मायक्रॉनचा गाभा गाभ्यासमोर आणीत ज्याने रात्रभर एकेक तंतू सांधला, त्यालाच चौथ्या दिवशी विचारणा झाली, की पर्यायी मंडल का चालले नाही, याचा लेखी खुलासा करावा. आणि विचारणारा कोण? तर ज्याच्या सहीने ती तजवीज मंजूर झाली होती, तोच अधिकारी! खुलासा लिहून घेण्यास कारागीर माझ्याकडे आला. म्हणाला, “साहेब, वरती रंग दोन असतील, खाली काच एकच हाय.” मी तेच वाक्य शुद्ध करून लिहिले. ते दप्तरी दाखल झाले, आणि त्याची वेतनवाढ तहकूब राहिली ती राहिलीच.

ज्यांना पर्यायी मार्ग विकत घ्यावयाचा आहे, त्यांनी तरंगलांबी विचारूच नये. चर कोणता, पूल कोणता, एवढे स्वतः जाऊन पाहावे.

तथापि, एकाच तंतूत अनेक मंडले घालण्याच्या ज्या युक्तीस मी त्या रात्री कृपणांचे कारस्थान म्हणून शिव्या मोजल्या, तिच्यामुळेच एक तंतू सांधताच त्यावरील सारी मंडले एकदम उभी राहिली, हेही नाकारता येत नाही. तांब्याच्या काळी शेकडो जोड्या हाताने जुळविता जुळविता त्याच खड्ड्यात आमचे दिवसच्या दिवस गेले असते.