चार कुत्री एका ठिकाणी

खताच्या मात्रा आणि बियाण्यांचे वाण सांगण्यात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. आज मात्र कुत्र्यांविषयी चार शब्द सांगायचे आहेत. यात सल्ला थोडा आहे आणि कबुली जास्त आहे.

माझी नोकरी तालुक्याला असली तरी घर माणदेशातल्या आमच्या गावीच आहे. घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. तुमच्या दारात जसा असेल तसाच. अंगाने पांढरा, कानाशी तांबूस. दोन महिन्यांचे पिल्लू असताना आणला आणि भाकरी-ताकावर वाढला. कोंबड्या त्याच्या पाठीवरून उड्या मारीत, मांजर त्याच्या ताटलीत तोंड घाली, पण तो कधी गुरगुरला नाही. शेजारच्या वस्तीवर एक आक्का राहतात. नवरा गेल्यावर शेळ्यांवर त्यांनी संसार ओढला. मोत्या रोज सकाळी तिकडे फेरी मारून त्यांची करडे चाटून येई. "हा मागल्या जन्मी माळकरी असणार," असे आमच्या मंडळी म्हणत.

पण मोत्याला तीन मित्र होते. खालच्या आळीचा वाघ्या, मळ्यातला राजा आणि गिरणीवाल्यांचा टिप्या. एकेकटे पाहिले तर चौघेही गरीब. संध्याकाळी गिरणीपुढे जमले की मात्र त्यांचा नूर बदले. पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून एकजण दुसऱ्याला खेळायला बोलावी, आणि मग गाव त्यांचे होई. एकदा हरिपाठ सुटला तेव्हा देवळापुढच्या अकरा चपला गायब होत्या. त्या ओढ्यात सापडल्या, पण जोड एकही नाही. एकदा आक्कांनी सारवलेल्या ओल्या अंगणात चौघांनी कुस्त्या खेळल्या. एकदा टोमॅटोच्या रोपांचा गादीवाफा उकरला, मल्चिंगचा कागद फाडला आणि ठिबकच्या नळ्या चावून ठेवल्या. आम्ही मालक शिव्या देत होतो आणि हसतही होतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असे म्हणून सोडून देत होतो. प्रत्येकाच्या मते आपला तो ढवळ्या आणि दुसऱ्याचा तो पवळ्या.

ही गोष्ट 2017 सालच्या भाद्रपदातली. भाद्रपदात कुत्र्यांना कसला ताळ नसतो हे तुम्हाला सांगायला नको. रात्री-रात्री कुत्री गावभर फिरत होती. एके पहाटे मी उठलो तर मोत्या ओट्यावर पडलेला. शेपटी हलवीत जवळ आला. त्याच्या गळ्याखाली आणि छातीवर रक्त वाळले होते, आणि त्यात काळे केस चिकटले होते. त्याच्या अंगावर जखम कुठेच नव्हती.

वाचकहो, त्या वेळी मी काय केले ते सांगतो. मी मोत्याला हौदावर नेला आणि साबण लावून धुतला. कुणी बघत नाही ना, हेही पाहिले.

तासाभरात आरडाओरड ऐकू आली. आक्कांच्या गोठ्याचा कूड खालून उकरलेला होता. चार करडे मेलेली आणि एका शेळीची मांडी फाटलेली. त्यातले एकही करडू खाल्लेले नव्हते. नुसती मारून टाकली होती. त्यातले दोन बोकड विकून धाकट्या मुलीच्या बारावीची फी भरायची, असे आक्कांनी ठरवले होते.

लोक म्हणाले, लांडगाच असणार. आमच्या माळावर लांडगा आहे, आणि लांडग्याने जनावर मारले तर वनखात्याकडून भरपाई मिळते. कुत्र्याने मारले तर ती मिळत नाही. मीही मनात म्हणालो, लांडगाच ठरू दे. आक्कांना पैसे मिळतील, आपलेही झाकून जाईल. दुपारी वनरक्षक पंचनाम्याला आला. त्याने एकेक करडू उलटून पाहिले. म्हणाला, "लांडगा नरडं धरतो आणि एखादं उचलून नेतो. इथं मांड्या, पोट, कान, जिथं सापडेल तिथं चावे आहेत. पाहिजे तेवढी मारली आणि टाकून गेली. ही गावचीच कुत्री. कुणाची, ते तुम्ही बघा."

आम्ही चौघे मालक तिथेच उभे होतो. एक म्हणाला, "आमचा वाघ्या रात्रभर साखळीला हुता." त्यांच्याकडे साखळीच नव्हती. दुसरा म्हणाला, "राजा आता म्हातारा झालाय, त्याच्यात कुठं दम?" गिरणीवाले काही न बोलता निघून गेले. मी गप्प राहिलो. आक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, तुम्ही शिकल्यालं माणूस. आता मी काय करू?" मी शेळीच्या जखमेला औषध कोणते लावायचे ते सांगितले आणि घरी आलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

रात्री जेवताना मंडळींनी विचारले, "आज पहाटे मोत्याला आंघोळ कशाला घातलीत?" घास खाली उतरेना. कुत्री एकत्र आली की एकाचे बघून दुसरे धीट होते, हे मी पाहिले होते. आम्ही मालकांनी दुपारी तेच केले होते. एकेकटा असतो तर कदाचित खरे बोललो असतो. चौघे होतो म्हणून एकमेकांच्या आड लपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांकडे गेलो. म्हणालो, "आक्का, माझा मोत्या त्यात होता. मी त्याचं रक्त धुतलं." त्या शेळीला पाला घालीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला ठावं हुतं. रातीच त्याचा आवाज वळखला. पण साहेबाच्या कुत्र्याचं नाव मी कुठल्या तोंडानं घ्यावं?"

हे वाक्य मला अजून टोचते.

मी माझ्या वाट्याचे पैसे त्यांच्यापुढे ठेवले. बाकीच्यांकडे जाऊन मी काय केले तेवढेच सांगितले. दोघे दोन दिवसांत पैसे घेऊन आले. चौथ्याने शेवटपर्यंत कबूल केले नाही. त्याचा वाटा आम्ही तिघांनी भरला. मुलीची फी वेळेवर गेली.

आता तुम्ही म्हणाल, करडे चाटणारा कुत्रा असे कसे करील? त्याचे कारण भूक नव्हे. पोटभर खाल्लेले कुत्रेही हे करते. कुत्रा आणि लांडगा एकाच कुळातले. पळत्याच्या मागे धावणे त्याच्या रक्तात आहे. एकटा असला की घरची शिस्त त्याला आवरते. चार जमली, रात्र झाली आणि करडू ओरडून पळू लागले, की एक धरतो आणि बाकीचे तुटून पडतात. आधी तो खेळच असतो. चपला पळवण्याचा असतो तसाच. पुढे तो कुठे थांबवायचा ते त्यांना कळत नाही.

म्हणून काही गोष्टी सांगतो. कुत्रा दिवसभर बांधू नये, त्याने तो चावरा होतो; पण दिवेलागणीला खायला घालून बांधावा. शेळी व्याली की तिची वार आणि मेलेली कोंबडी उकिरड्यावर न टाकता खोल पुरावी, म्हणजे कुत्र्यांना त्याची चटक लागत नाही. गोठ्याच्या कुडाला खालून दगड किंवा जाळी लावावी. कुत्रे पाळण्यासाठीच ठेवायचे असेल तर पशुवैद्यकांकडून त्याचे खच्चीकरण करून घ्यावे. भाद्रपदातले भटकणे त्याने बरेच कमी होते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्यावरची लस द्यावी आणि पुढे दरवर्षी चुकवू नये. माणसाला कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावून वाट पाहू नये, कारण हा रोग एकदा उमटला की माणूस बहुधा वाचत नाही. रागाच्या भरात कुत्र्यांना विष घालू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यात निरपराध जनावरेही जातात.

मोत्या पुढे पाच वर्षे जगला. रोज संध्याकाळी मी त्याला स्वतः बांधत असे. आक्कांच्या दारात जायला त्याला दिवसाही मनाई केली होती, पण वर्षभराने आक्काच म्हणाल्या, "येऊ द्या हो, एकटा असला की बरा असतो." आता घरात नवे पिल्लू आहे आणि साखळी आधीच खुंटीला टांगली आहे.

मंडळी, हे वाचून होईल तेव्हा दिवेलागण झाली असेल तर एकदा उठा, आणि आपला कुत्रा कुठे आहे तेवढे बघून या.